आधी तारा लावा, मग आकडे लिहा

गिटारवर अभंग बसवताना मी बहुतेक वेळा तारा 'डॅडगॅड'मध्ये लावतो. जाड तारेपासून बारीक तारेकडे डी, ए, डी, जी, ए, डी असं हे ट्यूनिंग. ब्रिटिश वादक डेव्ही ग्रॅहम यांच्यामुळे ते १९६०च्या दशकात लोकांपुढे आलं. डीला षड्ज मानला की मोकळ्या तारा सा-प-सा-म-प-सा अशा बोलतात. हाताशी तंबोरा असल्यासारखं वाटतं, म्हणून आपल्या गाण्याला हे ट्यूनिंग मानवतं.

शिकणाऱ्या मुलांसाठी पाच अभंगांची टॅब संगणकावर लिहायला घेतली, तेव्हा माझ्या हातून मोठी चूक झाली. सॉफ्टवेअरमधली गिटार नेहमीच्या ई-ए-डी-जी-बी-ई ट्यूनिंगमध्ये होती. ट्यूनिंग शेवटी बदलू, असं म्हणत मी बोटं जिथे पडतात ते फ्रेटचे आकडे भराभर लिहीत गेलो. स्पीकरमधून बेसूर वाजत होतं, तरी पुढे जात राहिलो. पाचही अभंग लिहून झाल्यावर ट्यूनिंग बदललं, फाइल सेव्ह केली आणि प्रती काढून मुलांना वाटल्या.

पुढच्या आठवड्यात एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तुम्ही मोकळी तार वाजवता, पण कागदावर तिथे २ आहे." मी कागद नीट पाहिला. बारीक तारेपासून मोजता पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या तारेवरचा प्रत्येक ० हा २ झाला होता. षड्जाच्या जागी रिषभ, पंचमाच्या जागी धैवत. आठवडाभर मुलांनी मन लावून चुकीचं घोटलं होतं. ते विसरायला लावणं नव्यानं शिकवण्यापेक्षा जड गेलं.

कारण साधं होतं. मी आकडा लिहिला, पण सॉफ्टवेअरनं तो त्या वेळच्या ट्यूनिंगनुसार सूर म्हणून धरला. पहिल्या तारेवरचा ० म्हणजे त्याच्या लेखी ई. नंतर ती तार डीवर उतरवली, तेव्हा त्यानं ई जपला आणि त्यासाठी दुसरा फ्रेट दाखवला. डॅडगॅडमध्ये याच तीन तारा एकेक पूर्ण स्वर, म्हणजे दोन फ्रेट उतरतात; मधल्या तीन तशाच राहतात. म्हणून तेवढ्याच ओळी बिघडल्या. ट्यूनिंग बदलताना काही सॉफ्टवेअर सूर कायम ठेवतात, काही आकडे ठेवतात, काही आधी विचारतात. आपलं काय करतं, हे चार मात्रांच्या कोऱ्या फाइलवर आधी पाहून घ्या.

आता मी एक क्रम ठरवला आहे. पहिला सूर लिहिण्याआधी ट्यूनिंग भरतो. सूर कोणत्या सप्तकातला, हेही तपासतो, कारण मधल्या सीला कुठे सी३ म्हणतात, कुठे सी४. मिडी क्रमांकांत हा घोळ होत नाही. डॅडगॅडचे क्रमांक पहिल्या तारेपासून ६२, ५७, ५५, ५०, ४५ आणि ३८. मग सहाही मोकळ्या तारांची एक मात्रा लिहून ऐकतो आणि हातातल्या गिटारशी ताडून पाहतो. कापो लावला असेल, तर तो सेटिंगमध्येच सांगतो. टॅबचे आकडे कापोपासून मोजायचे असतात.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल न्यायची असेल, तर मिडीवर भिस्त ठेवू नका. साध्या मिडी फाइलमध्ये सूर असतो, तार आणि फ्रेट नसतात. डॅडगॅडमध्ये बारीक तारेचा मोकळा डी दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या सातव्या आणि चौथीच्या बाराव्या फ्रेटवरही मिळतो. यातली कोणती जागा हवी, हे सांगण्यासाठीच तर टॅब असते. म्युझिकएक्सएमएलमध्ये तार, फ्रेट आणि ट्यूनिंग या तिन्हींची नोंद करता येते. तरीही फाइल उघडल्यावर पहिलं पान वाजवून बघाच.

टॅबसोबत स्वरलेखनाची ओळही ठेवा. त्या दिवशी माझ्या कागदावर ती असती, तर षड्जाच्या जागी आलेला रिषभ प्रती वाटण्याआधीच मला दिसला असता. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ट्यूनिंग, कापो आणि षड्ज लिहा; पानं सुटी होतात, हरवतात. छापण्याआधी गिटार हातात घ्या आणि पाठांतर बाजूला ठेवून, कागदावर आहे तेवढंच वाजवा. मी हे केलं असतं, तर दहा मिनिटांत चूक सापडली असती.

टॅबमधला आकडा बोटाची जागा सांगतो. तिथे सूर कोणता निघेल, हे तार कशी लावली आहे त्यावर ठरतं. तंबोरा जुळवल्याशिवाय आपण गायला बसत नाही. टॅब लिहायला बसतानाही तोच नियम पाळा, कारण तुमच्या कागदावर विश्वास ठेवून कुणीतरी रियाज करणार आहे.