हुतात्मा चौक आणि गिरणगाव

चर्चगेट स्थानकाच्या नावातील दरवाजा आज कोठेही दिसत नाही. मुंबईच्या कोटाचा, सेंट थॉमस चर्चकडे नेणारा तो दरवाजा होता. १८६० नंतरच्या काही वर्षांत कोट पाडण्यात आला, तेव्हा तोही नाहीसा झाला. त्याच जागी १८६४ मध्ये एक कारंजे उभे राहिले. रचना रिचर्ड नॉर्मन शॉ यांची, शिल्पकाम जेम्स फोर्साइथ यांचे, दगड इंग्लंडातील पोर्टलंडचा आणि शिखरावर फ्लोरा ही रोमन पुष्पदेवता. मुळात ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसवावयाचे होते. ते तेथे गेले असते, तर ‘फाउंटन’ हा शब्द मुंबईकरांच्या तोंडी एका चौकासाठी रूढच झाला नसता.

परंतु या चौकाचे खरे माहात्म्य देवतेच्या मूर्तीत नाही. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने संयुक्त महाराष्ट्राची मागणी अमान्य केली आणि पाठोपाठ मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याची योजना पुढे आली. विधिमंडळाचे कामकाज तेव्हा येथून जवळच असलेल्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये चाले. त्यामुळे मोर्चांची वाट स्वाभाविकच या चौकातून जाई. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी निदर्शकांवर येथे गोळीबार झाला व १५ जण मृत्युमुखी पडले. जानेवारी १९५६ मध्ये शहरात पुन्हा रक्त सांडले. पुढे द्विभाषिक राज्याचा प्रयोगही टिकला नाही आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. आंदोलनातील हुतात्म्यांची १०५ ही संख्या लोकांच्या तोंडी रूढ आहे. काही नोंदींत ती १०६ वा १०७ अशीही आढळते.

या लढ्याचे बळ लालबाग, परळ, लोअर परळ येथील गिरण्यांत होते. भोंग्यावर दिवस मोजणारा कोकण-घाटावरचा चाकरमानी मुंबई आपली म्हणून रस्त्यावर उतरला. चौकातील स्मारकात मशाल धरलेल्या शेतकऱ्याशेजारी कामगार उभा आहे, तो याच कारणाने. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मोठे व्यापारी संकुल आहे. तेथे वावरणाऱ्या तरुणास आपल्या पायाखालच्या जागेचा फाउंटनशी असलेला संबंध कोणी सांगितला नाही, तर तो कळण्याचा मार्ग नाही.

कारंज्याच्या जीर्णोद्धाराच्या कामात २०१८ मध्ये रस्त्याखाली ट्रामचे जुने रूळ सापडले. मुंबईतील ट्राम १९६४ मध्येच बंद झाली होती. २०१९ मध्ये कारंज्यात पाणी पुन्हा खेळू लागले.

शाळांच्या सहली बहुधा गेटवे आणि राजाबाई टॉवर पाहून परततात. राजाबाई टॉवरपासून हा चौक चालत काही मिनिटांवर आहे. लोअर परळहून निघालेल्या सहलीने चर्चगेटला उतरून आधी येथे यावे आणि कारंज्याआधी स्मारक पाहावे.