सशाचं खाणं घड्याळाला बांधा

ससा आजारी पडला तरी कण्हत नाही, ओरडत नाही, मालकाजवळ येऊन बसतही नाही. रानात तो दुसऱ्याचं भक्ष्य असतो, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. घरचे दवाखान्यात आणतात तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: “डॉक्टर, कालपासून काही खात नाही.” शेवटचं कधी खाल्लं आणि किती, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. आजोबांनी पोळीचा तुकडा घातलेला असतो, मुलांनी बिस्कीट, आणि भाजी निवडता निवडता आईने देठं. कोणी कधी काय घातलं, याचा मेळ कोणालाच लागत नाही.

म्हणून या वेळी नानाखेडा आणि उज्जैनच्या इतर वसाहतींत ससा पाळणाऱ्या घरांसाठी रोजच्या खाण्याचं वेळापत्रक देतो आहे. याचा खरा उपयोग शिस्तीपेक्षा तपासणीसाठी आहे. ठरलेल्या वेळी ठरलेलं खाणं ठेवलं, तर ससा खायचा थांबला हे काही तासांतच लक्षात येतं. सशाच्या दुखण्यात एवढ्या तासांनीही फार फरक पडतो.

पोट सतत चालतं ठेवायचं

सशाला उलटी करता येत नाही. एकदा पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं, आणि ते सरकवण्याचं काम गवतातला चोथा करतो. चोथ्याचे जाड तुकडे लवकर लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक भाग आंधळ्या आतड्यात जातो, तिथले जीवाणू तो आंबवतात आणि त्यातून मऊ, ओलसर, झुपक्यांसारख्या लेंड्या तयार होतात. या लेंड्या ससा थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. त्यातून त्याला प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात. घरच्यांना किळस वाटते, काही जण त्याला हाकलतात. तसं करू नका, ते त्याचं जेवणच आहे.

दातांचंही गवतावाचून भागत नाही. पटाशीचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर वाढतात. गवत तासन्‌तास चघळलं तरच ते झिजतात. पोळी, बिस्कीट किंवा पेलेट दोन घासांत संपतं आणि दाढांना टोकं येतात. ती जिभेला आणि गालाला टोचू लागली की ससा खाणं सोडतो.

काय आणि किती

खाण्याचा मोठा भाग, ८० टक्क्यांच्या आसपास, वाळलेल्या गवताचा हवा. रोज किमान सशाच्या अंगाएवढा ढीग ठेवा आणि तो कधी संपू देऊ नका. ऑनलाइन मिळणारं टिमोथी गवत चांगलं, पण महाग पडतं. हिवाळ्यात मिळणारा जईचा चारा दाणा भरण्याआधी आणून सावलीत नीट वाळवला, तर उत्तम काम देतो. हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा, ससे आवडीने खातात. फुलवाल्याकडून आणलेल्या दूर्वा धुऊन पाणी निथळू द्या. बसस्टँडच्या किंवा मैदानाच्या कडेचं गवत मात्र नको. त्यावर धूर, फवारणी आणि भटक्या कुत्र्यांची घाण असते. गव्हाचा भुसा इकडे सहज मिळतो, पण तो फार बारीक आणि धुळीचा असतो. सशाच्या नाकाला आणि डोळ्यांना त्याचा त्रास होतो.

देवळांबाहेर गाईला घालण्यासाठी मिळणाऱ्या हिरव्या पेंढ्या बहुधा लसूणघासाच्या किंवा बरसीमच्या असतात. सहा महिन्यांच्या आतल्या पिलांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला त्या चालतात. मोठ्या सशाला रोज दिल्यास प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त होतं. ससा खाण्यातलं बरंचसं कॅल्शियम शोषून घेतो आणि नको असलेलं लघवीवाटे टाकतो. लघवी दाट, पांढरट खडूच्या पाण्यासारखी दिसू लागली, तर ही पेंढी बंद करा, पाणी वाढवा आणि तपासून घ्या.

पालेभाजी: २ किलोच्या सशाला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मुठी. कोथिंबीर, मेथी, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, तुळस यांतल्या दोन-तीन आलटून पालटून द्या. फ्लॉवर-कोबीची पानं थोडीच, वायू होतो. पालकात ऑक्सॅलेट असतं, तो आठवड्यातून एखाद्या वेळी पुरे. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम भरपूर, तोही हात राखून. नवी भाजी आधी एकच पान देऊन पाहा.

पेलेट: वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला २० ते २५ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजा आणि त्या मापाची वाटी ठरवून टाका. पाकिटावर चोथ्याचं प्रमाण किमान १८ टक्के आहे ना, ते वाचा. रंगीत दाणे, मका आणि बिया मिसळलेलं खाद्य घेऊ नका. ससा त्यातलं गोड तेवढं वेचून खातो. भारतात सशांच्या आहारावरचं बरंच काम, राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेतलंसुद्धा, मांस आणि लोकर डोळ्यांपुढे ठेवून झालेलं आहे. फार्मवरच्या सशाचं वजन काही आठवड्यांत वाढवायचं असतं. तुमचा ससा आठ-दहा वर्षं जगायला हवा. तेव्हा फार्मचा तक्ता घरी जसाच्या तसा लावू नका.

गाजर हा खाऊ आहे, जेवण नाही. मूळ गोड असतं. अंगठ्याएवढा तुकडा आठवड्यातून दोनदा पुरे. सफरचंद, पपई, केळं यांनाही हाच नियम.

दिवसाचे तास

ससा पहाटे आणि संध्याकाळी जागा असतो, दुपारी सुस्त पडतो. वेळापत्रक त्याच्या सवयीप्रमाणे असू द्या, आपल्या चहाच्या वेळेप्रमाणे नको.

सकाळी ६ ते ७: रात्रीचं उरलेलं गवत काढा, किती उरलं ते पाहा, ताजं भरा. पाण्याचं भांडं धुऊन भरा. पालेभाजी आणि निम्मं पेलेट द्या. पाच मिनिटं तिथेच थांबा. निरोगी ससा पाल्यावर लगेच तुटून पडतो. वास घेऊन मागे सरला तर ती पहिली खूण.

दुपारी: खाऊ नाही. फक्त गवत आणि पाणी आहे ना, एवढं पाहा.

संध्याकाळी ७ च्या सुमारास: पुन्हा पालेभाजी आणि उरलेलं पेलेट. तासाभरात न संपलेली भाजी उचला.

रात्री झोपण्याआधी: गवत भरपूर भरा. मालव्याच्या थंड रात्री ससा सर्वांत जास्त खातो आणि हुंदडतो.

पाणी वजनाच्या किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलीटर लागतं. नळीच्या बाटलीपेक्षा चिनी मातीच्या जड भांड्यातून ससे जास्त पाणी पितात.

हे घालू नका

सकाळचे पोहे, शेव, जिलबी, उपासाची साबुदाणा खिचडी, शेंगदाणे, पोळी, भात, पाव, उकडलेले चणे, बटाटा: पिठूळ आणि गोड पदार्थांनी आंधळ्या आतड्यातल्या जीवाणूंचा तोल जातो, वायू धरतो, आणि कोवळी पिलं एका रात्रीत दगावतात. कांदा-लसूण रक्ताला अपायकारक. चॉकलेट आणि अॅव्होकॅडो विषारी. कण्हेर, घाणेरी, रुई यांची पानं सशाजवळ नकोत. पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवर माजणारं गाजरगवत मुलं नावावरून उपटून आणतात. ते विषारी आहे, सशाला घालायचं नाही आणि उघड्या हातानं धरायचंही नाही.

बाजारात चार-पाच आठवड्यांची पिलं विकतात. आईचं दूध सुटण्याचं ते नाजूक वय असतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. घेतलंच असेल तर आधीचं खाणं विचारून तेच सुरू ठेवा आणि बदल ७ ते १० दिवसांत हळूहळू करा. गाईचं दूध पाजू नका. शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू तर घरी आणूच नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे.

ऋतू पाहून

मे महिन्यात उज्जैनचा पारा ४० च्या वर जातो आणि सशाला २८-३० अंशांपुढेच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता बरीचशी कानांतून बाहेर पडते. या दिवसांत सकाळचं खाणं ऊन चढण्याआधी उरका आणि पाणी दोन ठिकाणी ठेवा. ससा धापा टाकत असेल, कान तापले असतील, तर ओल्या फडक्याने कान पुसा आणि डॉक्टरांना फोन करा. बर्फ लावू नका. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते. कुबट वास आला की सगळी पेंढी फेका. ओला चारा निथळल्यावरच द्या. दिवाळीचे फटाके, वरातीचे बँड यांच्या धसक्याने ससे खाणं सोडतात. त्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत हलवा.

लेंड्या पाहा

दिवसाला २०० ते ३०० लेंड्या पडतात: गोल, कोरड्या, चुरल्या तर आत गवताचे धागे. त्या लहान झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या किंवा कमी झाल्या, तर पोट मंदावतंय. मऊ लेंड्या अंगाला चिकटलेल्या दिसल्या, तर पेलेट जास्त होतंय किंवा लठ्ठपणामुळे ससा गुदद्वारापर्यंत पोहोचत नाही. आठवड्यातून एकदा वजन घ्या आणि लिहून ठेवा.

बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट पाहू नका. पाठ कुबडी करून बसणं, कराकरा दात खाणं, कान थंड पडणं या खुणा दिसल्या तर त्याहूनही लवकर निघा. पोट फुगून कडक झालं असेल, तर तपासणीआधी जबरदस्तीने भरवू नका. घरातलं माणसांचं अँटिबायोटिक मुळीच नको: अमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन तोंडावाटे दिल्यास आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरतात आणि ससा जिवानिशी जाऊ शकतो. सगळेच पशुवैद्यक ससे पाहत नाहीत, तेव्हा पाहणारे कोण, हे ससा ठणठणीत असतानाच विचारून ठेवा. पुढच्या तपासण्यांसाठी इंदूरपलीकडे महूला १९५५ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

गावाला जाताना

दिवाळीत किंवा लग्नाला पुण्या-नागपूरला निघालात, तर गवताचा ढीग घालून ससा दोन दिवस एकटा सोडू नका. शेजाऱ्यांना सकाळ-संध्याकाळ यायला सांगा आणि चिठ्ठीवर एवढंच लिहा: गवत कधी संपू द्यायचं नाही, पाणी बदलायचं, दर वेळी भाजी दोन मुठी, पेलेट अर्धी वाटी, तेही मापून, दुसरं काही नाही. खाली डॉक्टरांचा नंबर. आणि शेवटची ओळ ठळक: भाजी तशीच राहिली किंवा लेंड्या दिसल्या नाहीत, तर आम्हाला नंतर, आधी डॉक्टरांना फोन करा.