शहराखालची मालवाट

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, मर्सी नदीच्या मुखाशी, लिव्हरपूल हे बंदर वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतून आलेला कापूस येथे उतरे व मँचेस्टरकडील गिरण्यांना जाई. कालव्यांतील नावांची गती मंद आणि भाडे जबर. म्हणून व्यापाऱ्यांनी या दोन शहरांमध्ये लोहमार्ग बांधण्याचे ठरवले. जॉर्ज स्टीफन्सन हा त्याचा मुख्य अभियंता होता.

परंतु एक अडचण होती. गोदी पाण्याकाठी सखल भागात, लोहमार्ग एज हिलच्या उंचवट्यावर, आणि दोहोंच्या मधे दाट वस्तीचे शहर! तेव्हा शहराच्या पोटातूनच वाट काढावी, असे ठरले. मजुरांनी जागोजागी उभ्या विहिरी खणल्या आणि त्यांच्या तळापासून दोन्ही दिशांना खडक फोडत नेला. सुरुंग, कुदळ आणि मिणमिणता दिवा एवढ्याच साधनांनिशी, जीव धोक्यात घालून, त्यांनी सुमारे दोन किलोमीटरांचा वॉपिंगचा बोगदा पुरा केला. १८३० मध्ये लोहमार्ग सुरू झाला. स्टीफन्सनचे नाव जगभर झाले. त्या मजुरांची नावे मात्र कोणाच्या ओठी राहिली नाहीत.

बोगद्याचा चढ दर ४८ फुटांस १ फूट होता. त्या काळच्या इंजिनांना तो झेपणारा नव्हता. शिवाय बंद जागेत धूर कोंडला असता. म्हणून एज हिलवर स्थिर वाफयंत्रे बसवली. ती जाड दोराने भरलेल्या वाघिणी वर ओढून घेत. खाली जाताना वाघिणी उतारावरून आपोआप घरंगळत आणि ब्रेक सांभाळणारे कामगार त्यांचा वेग आवरीत. १८९६ पर्यंत हाच क्रम चालला. पुढे इंजिने बोगद्यात येऊ लागली.

या बंदराशी आपलाही संबंध आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस येईनासा झाला. तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यामुळे तोवर मुंबईच्या गाठी आफ्रिकेला वळसा घालूनच लिव्हरपूलच्या धक्क्यावर पोचत.

विसाव्या शतकात काळ पालटला. मालमोटारी दारोदार माल पोचवू लागल्या. जहाजे मोठी झाली व माल लोखंडी पेट्यांतून, कंटेनरांतून, येऊ लागला. जुन्या गोद्या त्यांना अपुऱ्या पडल्या. १९७२ मध्ये शहराच्या दक्षिणेकडील गोद्या बंद झाल्या आणि त्याच वर्षी बोगदाही बंद पडला.

आज तेथे काळोख आहे. धूर बाहेर सोडण्यासाठी उभारलेले काही विटांचे मनोरे शहरात अजून दिसतात. त्यांच्या पायाखाली किती जणांचा घाम जिरला आहे, हे वाटसरूला ठाऊक नसते. मुलांनो, साधने जुनी होतात व टाकली जातात. पण ज्यांच्या श्रमांवर शहरे मोठी झाली, त्यांची आठवणही टाकून द्यावी काय?

स्वाध्याय
१. बोगदा खणण्याची गरज का भासली?
२. वाघिणी वर कशा चढत व खाली कशा उतरत?
३. आपल्या गावातील वापरात नसलेल्या एखाद्या जुन्या बांधकामाची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.