पिशवी काढायच्या आधी

सोलापूर

चि. संगीता,

काल बार्शीहून शोभा आली होती. चहा पिता पिता सहज बोलल्यासारखं म्हणाली, "संगीतानं गर्भाची पिशवी काढायची तारीख घेतली की, पुढच्या सोमवारची!" मला हे शोभाकडून कळावं? तुझी दोन्ही बाळंतपणं माझ्या घरात झाली, आणि पोट फाडून घ्यायचं ठरवताना मावशीला एक फोन नाही? असो. एवढंच सांग, कागदावर सही केलीस का?

शोभा म्हणाली, अंगावरून फार जातंय, रात्री अंगातून वाफा निघतात, झोप नाही, म्हणून एकदाची कटकट मिटवतेय. अगं, वाफा पिशवीतून निघतात असं कुणी सांगितलं तुला? या वयात अंडाशयातलं इस्ट्रोजेन कमी-जास्त व्हायला लागतं. मेंदूचा जो भाग अंगाची ऊब सांभाळतो तो त्यानं बिथरतो आणि कारण नसताना घाम फोडतो. पिशवी काढून ते थांबत नाही. उलट तिच्याबरोबर अंडाशयंही काढली, तर जे काही वर्षांत हळूहळू आलं असतं ते काही दिवसांत एकदम अंगावर येतं.

माझ्याकडं बघ. चाळिशीच्या आत सगळं काढलं माझं, अंडाशयांसकट. "आता कॅन्सरची भीती नको," एवढं एक वाक्य कानावर आलं, ह्यांनी सही केली, मी मान हलवली. तो उन्हाळा आठवला तरी नको वाटतं. आपल्याकडं मे महिन्यात रात्री बारालाही भिंती तापलेल्या असतात. मी अंथरूण सोडून स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर पडायचे, ओला पदर पोटावर टाकून. अंगाखालची फरशी गरम झाली की हातभर सरकायचं, मग पुन्हा हातभर. ह्यांना वाटायचं पित्त झालंय. मीही पित्तच म्हणायचे. पुढं न्हाणीत पाय घसरला तेव्हा मनगट खडूसारखं मोडलं. हाडं इतक्या लवकर पोकळ का झाली, ते तेव्हाच्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं. अंडाशयं गेली की हाडांचा आधारच जातो म्हणाले.

आपल्या माढ्या-माळशिरसाकडं उसाला बीडच्या टोळ्या येतात ना, त्या बायकांचं २०१९ मध्ये पेपरात आलं होतं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. किती तरी जणी चाळिशीच्या आतल्या. त्यांच्यापुढं मुकादमाची उचल होती, एक दिवस बसलं तर खाड्याचा दंड होता. पाळी परवडतच नव्हती गं त्यांना. तुझ्यामागं कुठला मुकादम लागलाय?

शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही मी. कॅन्सर निघाला, गाठी फार वाढल्या, औषधांनी काहीच फरक पडला नाही, तर मीच तुझ्या उशाशी बसेन. पण त्याआधी रक्त किती आहे, थायरॉइड कसं आहे, सोनोग्राफीत काय दिसतं, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला हवा का, एवढं तरी झालंय का? पाळी जायच्या वयात बीज वेळेवर सुटत नाही, अस्तर जाड होत जातं आणि मग एकदम फार जातं. त्याला गोळ्या आहेत. हार्मोनची तांबी मिळते, ती आत बसवली की जाणं पुष्कळ कमी होतं आणि काही वर्षं टिकते. वाफांवर हार्मोनच्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो, पण त्या सगळ्यांना चालत नाहीत. तुझ्या आत्याच्या स्तनातल्या गाठीचं डॉक्टरांना आधी सांग. सही मागाहून.

आमची आई गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, ऐन जानेवारीत, पदरानं वारा घेत बसायची. आम्ही पोरी चादरी गुंडाळून तिला हसायचो. तुझी आई सगळ्यात मोठ्यानं हसायची. एकीनंही विचारलं नाही, आई, काय होतंय म्हणून. आता विचारायला ती नाही, नि तुझी आईही नाही.

जास्त बोलले का? बोललेच. रात्री जागून लिहितेय, तू चिडशील हेही कळतंय. घर, शाळा, सासऱ्यांचं आजारपण, सगळं एकटीनं ओढतेस. मग "कटकट मिटव" म्हणणारं कुणी भेटलं की माणूस हो म्हणतं. तुला नावं नाही ठेवत मी. तोवर रात्रीच्या जेवणात लाल चटणी नि जेवणावरचा चहा जरा आवर, त्यानं वाफा वाढतात. सुती गाउन घालून झोप. भाकरीवर तीळ लाव आणि सकाळी चालायला जा, हाडांसाठी. आणि जावईबापूंना खरं काय ते सांग. पित्त म्हणू नकोस.

सोमवारची तारीख पुढं ढकल. डॉक्टरांना सांगायला लाजू नकोस, त्यांना असं सांगणारे रोज भेटतात. मंगळवारी सकाळच्या एसटीनं ये, स्टँडवर मी उभी असेन. फाइल आण. सिव्हिलला दाखवू, नाहीतर तुला बरं वाटेल त्या दुसऱ्या डॉक्टरबाईंना दाखवू. आत मी तुझ्याबरोबर येईन, तू म्हणालीस तर बाहेर बसेन. चार दिवस राहा. भाकऱ्या मी करते, तू नुसती झोप. कूलर तुझ्याकडं वळवून ठेवीन, मला आता त्याच्यानं सर्दीच होते.

तुझी
मावशी