शेकरू आणि उजेड देणारी बुरशी

पुणे, रायगड व ठाणे या जिल्ह्यांच्या सीमेवर भीमाशंकरचे अरण्य आहे. तेथे एकाच वृक्षाच्या आश्रयाने दोन जीव नांदतात. शेंड्यावर शेकरू राहते. बुंध्याशी पडलेल्या ओल्या फांदीत, पावसाळ्यातील काळोख्या रात्री मंद हिरवट प्रकाश देणारी बुरशी असते.

शेकरू ही एक थोरली खारच होय. पिल्लांना दूध पाजते म्हणून ते सस्तन वर्गात, आणि सतत वाढणाऱ्या दातांनी कुरतडते म्हणून कृंतक गणात मोडते. त्याचे स्थान ठरविणे सोपे होते. बुरशीने मात्र विद्वानांना चांगलेच चकविले. ती चालत नाही, एका जागी उगवते. तेव्हा लिनियसने १७५३ साली तिच्यासारख्या जीवांना वनस्पतींत बसविले. पण हिच्या अंगी हरितद्रव्य कोठे आहे? ती लाकूड कुजविते आणि त्यातून आपले अन्न शोषून घेते. तिच्या पेशीभित्तीत कायटिन असते. तेच द्रव्य खेकड्याच्या कवचात सापडते. अखेर १९६९ साली व्हिटेकर या शास्त्रज्ञाने कवकांची सृष्टी निराळी मांडली. पुढे जनुकांची तपासणी झाली, तेव्हा कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची ठरली. म्हणजे शेकरू ज्या झाडावर बसते, त्या झाडापेक्षा खालची बुरशीच त्याची जवळची आप्त!

मान मात्र दोघांना सारखा नाही. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याच्या शिकारीस बंदी आहे. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झाले. शेकरूची घरटी उंचावर दिसतात, ती मोजता येतात. बुरशीचे तंतू लाकडात दडलेले. एका फांदीतील जाळे एका जीवाचे की अनेकांचे, हे डोळ्यांना कसे कळावे? कायद्याच्या अनुसूचींत प्राणी व वनस्पती आहेत, कवकांना जागा नाही. जागतिक लाल यादीत मार्च २०२५ पर्यंत सुमारे १,३०० कवकांचीच पाहणी झाली होती, आणि त्यांतील निदान ४११ संकटात आढळली.

अभयारण्यात बुरशीलाही आसरा मिळतो, पण तो जंगलाच्या आडोशाने. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले नसले, तर शेकरूला जमिनीवर उतरावे लागते व ते शत्रूच्या तावडीत सापडते. पडलेल्या फांद्या सरपणासाठी वेचून नेल्या, तर बुरशीचे अन्नच जाते. कोणी हौसेने चमकणारी काटकी घरी आणतो. ती वाळते आणि तिचा उजेड विझतो.