थंडीत राखणीच्या कुत्र्याची निगा

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या पठारावर मार्गशीर्ष-पौषातील रात्री चांगल्याच बोचऱ्या असतात आणि रब्बी ज्वारीची राखणही याच दिवसांत करावी लागते. मराठवाड्यात पूर्वापार सांभाळल्या जाणाऱ्या कारवानी कुत्र्याचे केस आखूड, कातडी पातळ व अंगावर चरबी बेताचीच असते. धावण्यास ही ठेवण उत्तम; परंतु उघड्या शेतात साखळीने बांधलेल्या कुत्र्यास हिंडून-फिरून ऊबही मिळविता येत नाही. ‘जनावरास थंडी कसली?’ हा समज म्हणूनच सोडला पाहिजे.

निवाऱ्यास फारसा खर्च येत नाही. उत्तर-पूर्वेचा वारा अडेल अशा आडोशाला, जमिनीपासून वीतभर उंच फळी टाकून तीवर कोरडे पोते पसरावे. दहिवराने ओलावलेले पोते रोज उन्हात वाळवावे. ओल्या अंथरुणाने थंडी अधिकच बाधते. पिल्ले व म्हातारी कुत्री रात्री पडवीतच घ्यावीत. भाकरीचे प्रमाण थोडे वाढवून सोबत अंडे द्यावे.

थरथरणारा कुत्रा सुस्त पडला व त्याची थरथर थांबली, तर तो सावरला असे समजू नये. त्यास पोत्यात गुंडाळून तातडीने पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. माणसांच्या तापाच्या गोळ्या मात्र देऊ नयेत. त्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.