शब्दाच्या पोटातील शब्द

मुलांनो, ‘कमलनयन’ हा शब्द पाटीवर लिहा. त्यात ‘कमल’ व ‘नयन’ हे शब्द सरळ दिसतात. आता अक्षरांचा क्रम बदला. ‘कमल’चे ‘कलम’ होते. फुलाची लेखणी झाली! ‘नयन’ मात्र उलट वाचला तरी ‘नयन’च राहतो. नकल, मलय, यमक हेही शब्द येथेच दडले आहेत. पण ‘कनक’ चालणार नाही. कारण ‘क’ एकदाच आला आहे.

गुरूंना ‘नमन’ लिहिताना पहिली दोन अक्षरे उलटली, तर ‘मनन’ होते. अक्षरे तीच, अर्थ निराळा! म्हणून लिहिताना प्रत्येक अक्षर जागच्या जागी ठेवावे.

स्वाध्याय : ‘कमलनयन’मधून आणखी चार शब्द शोधा.